संतांजवळ आम्ही काय मागतो?

‘तुमचा देव एकच ना? मग देवळात एवढे पुतळे कोणाचे?’ वसईहून आलेल्या कॅथलिक विद्यार्थ्याला हा प्रश्न कॉलेजच्या पहिल्याच वर्षात कोणीतरी विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेरची गर्दी पाहिलेली असते. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची छोटी घरे विकायला मांडलेली पाहिलेली असतात. पाय दुखत असेल तर पाय वाहायचा, घर हवे असेल तर घर वाहायचे. हरवलेल्या वस्तूसाठी संत अँथनी, हाताबाहेर गेलेल्या प्रकरणांसाठी संत ज्यूड, वाटेच्या प्रवासासाठी संत ख्रिस्तोफर. हे सारे पाहून कोणालाही असेच वाटेल की, कॅथलिकांचे देव पुष्कळ असून त्यांनी आपापसांत खातेवाटप करून घेतले आहे.

आमच्यांपैकीही पुष्कळांना याचे नीट उत्तर देता येत नाही. आमच्या घरात तर धर्म पुस्तकात वाचून कोणी शिकलेच नाही. तो संध्याकाळच्या जपमाळेतून कानांवर पडत गेला. म्हणून जे कानांवर पडले त्याचाच अर्थ काय, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

सुरुवात लितानीपासून करू. लितानी म्हणजे एकाने नावे घ्यायची आणि बाकीच्यांनी एकच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचे, अशी विनवणी. ईस्टरच्या आदल्या रात्री ती देवळात होते. नव्या धर्मगुरूंना दीक्षा देताना होते. त्या वेळी दीक्षार्थी वेदीपुढे जमिनीवर पालथे पडलेले असतात आणि भोवतालचे लोक संतांची नावे घेत असतात. ज्यांनी ते पाहिले आहे ते विसरणार नाहीत. या लितानीत पहिली हाक देवाला असते आणि तिचे उत्तर असते : आम्हांवर दया कर. मग मरियेचे नाव येते, देवदूतांची येतात, प्रेषितांची, रक्तसाक्ष्यांची, साध्वींची येतात आणि त्याबरोबर लोकांचे उत्तर बदलते. आता ते म्हणतात : आमच्यासाठी विनंती कर. जुन्या लॅटिन पाठात हेच दोन निराळे शब्दसमूह होते, ‘मिझेरेरे नोबिस’ आणि ‘ओरा प्रो नोबिस’. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) झाल्यावर उपासना मराठीत आली. माझ्या आजीने लहानपणी लॅटिन ऐकले, म्हातारपणी ती मराठी म्हणते. पण उत्तर कोठे बदलायचे हे तिला दोन्ही भाषांत बरोबर ठाऊक आहे. शाळेची पायरी न चढलेली बाई जो भेद रोज जिभेने पाळते, तोच या साऱ्या विषयाचा गाभा आहे, असे मला वाटते. दया देवाने करायची. संताने आपल्या बाजूने उभे राहून ती मागायची.

‘नमो मारिया’ या प्रार्थनेचेही तसेच आहे. तिचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला आहे, देवदूताचे अभिवादन आणि अलिशिबेचे शब्द. दुसऱ्या भागात मागणी आहे. आता आणि मरणाच्या वेळी आम्हां पाप्यांसाठी प्रार्थना कर, एवढीच ती मागणी. नोकरी दे, मूल दे, पाऊस दे असे त्यात काही नाही. सध्या म्हणतात त्या स्वरूपात ही प्रार्थना पोप पायस पाचवे यांनी १५६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रार्थनाग्रंथात कायम झाली.

धर्मपंडितांनी यासाठी ग्रीकमधून घेतलेले वेगळे शब्दही ठरवून टाकले आहेत. देवाला जी उपासना द्यायची ती ‘लात्रिया’. संतांना जो मान द्यायचा तो ‘दुलिया’. मरियेला संतांहून अधिक, पण देवाहून पुष्कळच कमी, म्हणून ‘हायपरदुलिया’. ही विभागणी थोडी वकिली वाटते खरी. माझ्या मते तिच्यापेक्षा सोपी कसोटी मिस्साबलिदानाची आहे. संत अँथनीचा सण असो की मोत माउलीचा, मिस्सा अर्पण केला जातो तो देवालाच. संताच्या आठवणीने, पण संताला कधीही नाही. सेंट ऑगस्टिन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी हेच सांगितले होते. आम्ही रक्तसाक्ष्यांसाठी वेद्या उभारतो, पण त्यांवरचे बलिदान रक्तसाक्ष्यांच्या आणि आमच्या एकाच देवाला असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

‘संत’ या शब्दानेही मराठी वाचकाची थोडी दिशाभूल होते. लॅटिन ‘सांक्तुस’ आणि आपला ‘संत’ हे कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे मूळ एक नाही. शिवाय पौलाच्या पत्रांत हा शब्द स्वर्गातल्या मंडळींपुरता नाहीच. करिंथ, फिलिप्पै येथल्या जिवंत, भांडणाऱ्या, चुकणाऱ्या श्रद्धावंतांनाही तो त्याच नावाने संबोधतो. मराठी बायबलात तेथे ‘पवित्र जन’ असे शब्द आहेत. म्हणजे मुळात इकडचे आणि तिकडचे असे दोन वर्ग नाहीत. एकच कुटुंब आहे. त्यातले काही पुढे पोहोचले, काही वाटेवर आहेत. या समजुतीला ‘संतांचा समागम’ म्हणतात आणि ती आमच्या श्रद्धेच्या अंगीकारात उच्चारली जाते.

येथे मला आषाढीच्या वारीची आठवण होते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून वारकरी आळंदीहून निघतात. त्यांना आळंदीला थांबायचे नसते, माउलींच्या संगतीने पंढरीला जायचे असते. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान निराळे आहे आणि त्यांची सरमिसळ करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण वर्गातल्या वारकरी मित्राला मी जेव्हा म्हटले की, आमचे संतही बरोबर चालण्यासाठी असतात, मुक्कामासाठी नसतात, तेव्हा त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही.

आता एक आक्षेप. मग हा वशिलाच नव्हे काय? कचेरीत दाखला हवा असला की आपण साहेबाच्या ओळखीचा माणूस शोधतो. तसाच देवाच्या ओळखीचा माणूस म्हणून संत शोधायचा? तसे असेल तर हा विश्वास फार हलक्या दर्जाचा म्हणावा लागेल. वशिला लागतो, कारण साहेब आपल्याला ओळखत नाही किंवा ओळखत असून त्याला आपली कदर नाही. ख्रिस्ताने तर देवाला बाप म्हणायला शिकविले. बापाकडे जाताना वशिला कशाला?

याचे उत्तर आपण जिवंत माणसांशी कसे वागतो यात आहे. परीक्षेला निघताना आपण आईला म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. आईने सांगितल्याशिवाय देव ऐकणार नाही, असे आपल्याला वाटत असते म्हणून नव्हे. एकट्याने मागण्यापेक्षा मिळून मागावे, हे माणसाच्या स्वभावात आहे आणि देवालाही तेच आवडते, असे शास्त्र सांगते. याकोबाच्या पत्रात एकमेकांसाठी प्रार्थना करा असा स्पष्ट उपदेश आहे आणि नीतिमान माणसाच्या प्रार्थनेत मोठे बळ असते असेही म्हटले आहे. पौल स्वतः जागोजागी इतरांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, आई वारली म्हणजे तिचे प्रार्थना करणे थांबते काय? कॅथलिक म्हणतो, थांबत नाही. देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा आहे, असे ख्रिस्ताने सदूकींना सुनावले होते. सेंट जेरोम यांनी ४०६ साली एका वादग्रस्त पुस्तिकेत हाच मुद्दा मांडला. देहात असताना, स्वतःचीच चिंता बाकी असताना, प्रेषितांना दुसऱ्यांसाठी प्रार्थना करता येत होती. मग विजय मिळविल्यावर ती करता येऊ नये काय, असा त्यांचा सवाल होता. जेरोम यांची जीभ भलतीच तिखट होती. त्या पुस्तिकेत त्यांनी प्रतिपक्षाची जी संभावना केली आहे ती आपल्या वादविवाद मंडळात खपायची नाही.

ही चाल जेरोम यांच्याही आधीची आहे. रोम शहराबाहेर सान सेबास्तियानो येथे जमिनीखाली जुनी दफनस्थळे आहेत. तिथल्या एका भिंतीवर तिसऱ्या शतकातल्या यात्रेकरूंनी खरडलेला मजकूर अजून वाचता येतो. त्यांतल्या एकाने पेत्र आणि पौल यांना व्हिक्टर नावाच्या माणसासाठी विनंती करायला सांगितले आहे. हा व्हिक्टर कोण, आजारी होता की वारला होता, कशाचा पत्ता नाही. पण खरडणाऱ्याने मागितले ते ‘विनंती करा’ असेच. माझ्या आजीचे उत्तर आणि त्या भिंतीवरचे अक्षर यांत सतराशे वर्षे गेली, पण क्रियापद बदललेले नाही.

यापुढचा आक्षेप मात्र बाहेरचा नाही, ख्रिस्ती घरातलाच आहे. आमच्या वसतिगृहात अहिल्यानगर जिल्ह्यातला एक प्रॉटेस्टंट मित्र आहे. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात काम केले आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत बायबलाचे वाचन आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले असते, हे मान्य केले पाहिजे. त्याने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखविला. देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो येशू ख्रिस्त, असे तेथे पाचव्या वचनात आहे. मग हे बाकीचे मध्यस्थ कोठून आले? लूथरपंथीयांनी १५३० मध्ये आउग्सबुर्ग येथे जो कबुलीजबाब सादर केला त्याच्या एकविसाव्या कलमात हीच भूमिका आहे : संतांची आठवण ठेवावी, त्यांचा कित्ता गिरवावा, पण त्यांचा धावा करावा असे शास्त्र शिकवीत नाही.

मी त्याला त्याच अध्यायाचे पहिले वचन वाचायला सांगितले. सर्व माणसांसाठी प्रार्थना व रदबदली करावी, असा बोध तेथे आहे. म्हणजे पाचव्या वचनातल्या मध्यस्थामुळे पहिल्या वचनातली रदबदली रद्द होत नाही. रविवारी तोही आपल्या पाळकसाहेबांना घरच्यांसाठी प्रार्थना करायला सांगतोच की. ख्रिस्ताची मध्यस्थी तारणाची आहे, ती दुसऱ्या कोणाला करता येत नाही. संतांची प्रार्थना त्या मध्यस्थीच्या आत राहून, तिच्याच जोरावर होते.

एवढे त्याला पटले. पण त्याचा दुसरा प्रश्न अधिक जड होता. पाळकसाहेब ऐकू शकतात. वारलेल्या माणसाला ऐकू येते हे कशावरून? आणि मृतांना विचारायला जाऊ नये, असे अनुवादात सांगितलेले नाही का? यातल्या शेवटच्या भागाचे उत्तर सोपे आहे. तेथे मनाई आहे ती भुतेखेते बोलावून गुप्त गोष्टी काढून घेण्याची. संतांकडून कॅथलिक काही बातमी मागत नाही. उलट उत्तर येईल अशी अपेक्षाच नसते. हाक एकाच बाजूने असते. ऐकू येण्याबद्दल सेंट थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे की, संतांना स्वतःच्या कानांनी काही ऐकू येत नाही. ते देवाला समोरासमोर पाहतात आणि त्यांच्याशी संबंधित असलेले देव त्यांना स्वतःमध्ये दाखवितो. म्हणजे एकाच वेळी माहीमला आणि मेक्सिकोत मरियेला हाक मारली तर ती कशी पोहोचते, हा टेलिफोनच्या तारांचा प्रश्न उरत नाही. आमची विनंती संतापर्यंत नेणाराही देवच.

शास्त्राधार म्हणून प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय दाखवितात. तेथे सिंहासनापुढे चोवीस वडील आहेत आणि त्यांच्या हातांतल्या सोन्याच्या वाट्यांत पवित्र जनांच्या प्रार्थना धुपासारख्या भरलेल्या आहेत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यिर्मया संदेष्टा मरणानंतर आपल्या लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. पण हे पुस्तक प्रॉटेस्टंट बायबलात नाही, त्यामुळे त्या मित्रापुढे त्याचा उपयोग झाला नाही. ‘संतांचा धावा करा’ अशी सरळ आज्ञा मात्र बायबलात नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ च्या डिसेंबरात या विषयावर ठराव केला तेव्हा शब्द जपून वापरले : संतांना विनविणे ‘चांगले आणि उपयुक्त’ आहे. त्याशिवाय तारण नाही असे ती परिषद म्हणाली नाही. माझ्या मित्राला हा ठराव अनपेक्षित होता. खरे सांगायचे तर आमच्या वाडीतल्या काही मंडळींनाही तो अनपेक्षितच वाटेल.

आता संत ठरतो कसा, ते थोडक्यात. ख्रिस्तसभा कोणाला संत ‘बनवीत’ नाही. अमुक व्यक्ती देवाजवळ आहे अशी ग्वाही देते. आरंभीची कित्येक शतके हे काम लोकांची भक्ती आणि स्थानिक बिशप यांच्यावरच होते. पोपने स्वतः जाहीर केल्याची पहिली निश्चित नोंद ९९३ सालची, आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांची आहे. अलीकडे साधारणपणे धन्यवादित ठरविण्यासाठी एक आणि संत ठरविण्यासाठी आणखी एक चमत्कार तपासला जातो. रक्तसाक्ष्याला पहिल्यातून सूट असते. चमत्काराचा अर्थही तोच. संताने तो केला असे समजत नाहीत, संताच्या विनंतीवरून देवाने केला असे समजतात. या तपासणीवर शंका घेणारे असतातच. मदर तेरेसा यांना २००३ साली धन्यवादित जाहीर करताना पश्चिम बंगालमधल्या एका स्त्रीचे बरे होणे पुढे ठेवले होते, आणि ती औषधांनीच बरी झाली असे तिथल्या डॉक्टरांनी उघड सांगितले होते. अशा शंका विचारल्या जाव्यात, हेच बरे.

संत अँथनी १२३१ च्या जूनमध्ये वारले आणि पुढच्या मे महिन्यात संत झाले; पुरते वर्षही गेले नव्हते. आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियाला मात्र २६५ वर्षे थांबावे लागले. त्याच्याविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला, तिथली भाषा उत्तम शिकला, काही काळ व्यापार केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. हिदेयोशीच्या हुकमाने सव्वीस जणांना धरण्यात आले. कानांचे तुकडे कापून, ऐन थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड नेली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्या सर्वांना संत जाहीर केले. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, संतांकडे व्यवहार म्हणून पाहणाऱ्यांना या चरित्राने विचारात पाडले पाहिजे. देवळातल्या बाकांवर अधूनमधून चिठ्ठ्या सापडतात : ही प्रार्थना नऊ दिवस म्हणा, नऊ प्रती काढून ठेवा, मागितलेले हमखास मिळेल. हल्ली हेच मोबाइलवर येते आणि पुढे न पाठविल्यास काय होईल याची धमकीही सोबत असते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात याला अंधश्रद्धाच म्हटले आहे. नुसत्या बाह्य कृतीला किंवा शब्दांच्या उच्चाराला फळ चिकटविणे म्हणजे प्रार्थनेचा मंत्रतंत्र करणे होय. मेणाचा पाय वाहणाऱ्या बाईला मी यात धरीत नाही. तिला आपले दुखणे शब्दांत सांगता येत नसेल, म्हणून ती ते मेणात सांगते. ‘हमखास’ हा शब्द मात्र संतांच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणाला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझे आजोबा आजारी होते. नऊ संध्याकाळ आमच्या वाडीतली माणसे घरी जमत होती. जपमाळ होई, शेवटी लितानी होई, मग सारे चहा घेऊन भिजत घरी जात. दहाव्या दिवशी आजोबा गेले. माझ्या काकीने रडत विचारले, ‘संत ज्यूडने आपले ऐकलेच नाही काय?’ कोणी उत्तर दिले नाही, मीही नाही. नंतर विचार करताना मला गोन्सालो आठवला. ज्याला आम्ही संकटात हाक मारतो, त्याच्यावरचा भाला कोणी अडविला नव्हता. स्वतः ख्रिस्ताने गेथशेमाने बागेत हा प्याला टळो अशी प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. तेव्हा ‘आमच्यासाठी विनंती कर’ या उत्तरात हमी कधीच नव्हती. होती ती सोबत. त्या नऊ संध्याकाळी, ज्यांच्याशी आमचे बांधावरून बोलणे बंद होते ते शेजारीही ओट्यावर बसून आजोबांचे नाव घेत होते. काकीला हे पुरेसे वाटेल की नाही, मला सांगता येणार नाही.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा स्मरणदिन. पहिल्या दिवशी आम्ही संतांना म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना करा. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्या लावून आम्ही आमच्या मृतांसाठी प्रार्थना करतो. ख्रिस्तसभेने ज्यांना संत किंवा धन्यवादित म्हणून जाहीर केलेले नाही त्यांचा जाहीर उपासनेत धावा करता येत नाही. खासगीत मात्र कोणी आपल्या वारलेल्या आईला वा आजोबांना ‘आमच्यासाठी देवाजवळ सांगा’ म्हटले तर त्याला आडकाठी नाही. यंदा आजीने आजोबांच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली आणि त्यांच्या आत्म्याच्या शांतीची प्रार्थना म्हटली. मग थोडे थांबून, आम्हांला ऐकू येईल अशा आवाजात त्यांना सांगितले की, धाकट्याची यंदा परीक्षा आहे, तिकडून जरा देवाला विनंती करा.